नेणीव, सुप्त मन आणि दमन : एका परिभाषेतील अडचणी

१

मराठी समीक्षेत नवकथा-नवकाव्याच्या काळापासून ज्या संज्ञा पाहता पाहता रुळल्या, त्यांत 'नेणीव' ही एक होय. पात्राच्या वर्तनाचा उलगडा होत नसला, प्रतिमांची संगती लागत नसली, किंवा लेखकाच्या एखाद्या निवडीचे कारण सांगता येत नसले, की 'हे सारे नेणिवेच्या पातळीवर घडते' असे म्हणून समीक्षक पुढे सरकतो. हाच समीक्षक पुढल्या परिच्छेदात 'सुप्त मन' म्हणतो आणि त्याच्याही पुढल्यात 'अबोध मन' म्हणतो. एकच शब्द पुन्हा वापरू नये, ही शाळेतल्या निबंधलेखनाची शिस्त येथे परिभाषेच्या मुळावर आलेली दिसते. प्रस्तुत लेखिकेच्या पीएच.डी.च्या प्रबंधातही हे तीन शब्द असेच सरमिसळ वापरलेले आहेत. मौखिक परीक्षेच्या वेळी एका वृद्ध परीक्षकांनी विचारले होते, 'बाई, हे तिन्ही एकच असतील तर तीन कशाला? आणि तीन असतील तर एकच असल्यासारखे का वापरलेत?' मी काहीतरी उत्तर दिले. पदवी मिळाली, प्रश्न राहिला.

तो प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नाही, हे अलीकडे पदव्युत्तर वर्गाला मानसशास्त्रीय समीक्षा शिकवताना अधिक तीव्रतेने जाणवू लागले. मनाच्या अज्ञात प्रदेशाविषयी पाश्चात्त्य विचारात एक नव्हे, परस्परविरोधी असे अनेक सिद्धांत झाले. आपण ते सर्व एकाच पेटीत भरले, आणि पेटीवर चिकटवण्यासाठी जे शब्द घेतले त्यांना स्वतःचा जुना संसार होता. परिणाम असा झाला की, जेथे अबोध मन खरोखर कार्य करीत होते त्या कृतींकडे आपण साध्या वास्तवचित्रणाच्या म्हणून पाहिले, आणि जेथे पात्रे सर्व काही जाणत होती, विशेषतः स्त्रीपात्रे, तेथे आपण त्यांच्यावर नेणीव लादली. हे दुसरे मला अधिक गंभीर वाटते.

२

'अबोध मनाचा शोध फ्रॉइडने लावला' हे विधान पाठ्यपुस्तकांनी रूढ केले. फ्रॉइडला स्वतःला ते मान्य झाले नसते. कवी आणि तत्त्वज्ञ यांनी आपल्याआधी हा प्रदेश पाहिला होता, असेच त्याचे म्हणणे असे. लान्सलॉट लॉ व्हाइट याचा फ्रॉइडपूर्व अबोधाविषयीचा ग्रंथ १९६० साली आणि हेन्री एलेनबर्गर याचा बृहद्ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाल्यानंतर तर या पूर्वेतिहासाविषयी अज्ञान दाखवण्याची सोय उरलेली नाही.

या पूर्वेतिहासात दोन धारा स्पष्ट दिसतात. पहिली तत्त्वज्ञांची. लायब्निझने 'नवे निबंध' या आपल्या ग्रंथात (लेखन १७०४ च्या सुमारास, प्रकाशन १७६५) सूक्ष्म संवेदनांची कल्पना मांडली. समुद्राची गाज आपण ऐकतो, पण ती ज्या असंख्य लाटांची बनलेली असते त्यांपैकी एकेका लाटेचा आवाज आपल्याला वेगळा ऐकू येत नाही. तरीही तो आपल्यापर्यंत पोचलेला असलाच पाहिजे, एरवी गाज ऐकूच आली नसती. हर्बार्टने १८२४-२५ मध्ये यात उंबरठ्याची कल्पना आणली. कल्पना एकमेकींना रेटतात. ज्या दुर्बळ ठरतात त्या उंबरठ्याखाली जातात, बळ मिळताच वर येतात. फेक्नरने १८६० साली हा उंबरठा मोजता येतो असे दाखवू पाहिले. या सर्वांच्या दृष्टीने अज्ञात आणि ज्ञात यांत फरक आहे तो मात्रेचा, तीव्रतेचा. कारुस (१८४६) आणि हार्टमान (१८६९) यांनी त्याला विश्वव्यापी, जवळजवळ ईश्वरी स्वरूप दिले, तो भाग येथे सोडून देऊ.

दुसरी धारा तत्त्वज्ञांच्या अभ्यासिकेतली नव्हे. ती भूतबाधा उतरवणाऱ्यांच्या ओसरीवरची. एलेनबर्गरने आपल्या इतिहासाचा आरंभ १७७५ या सालापासून केला आहे. त्या वर्षी दक्षिण जर्मनीत गास्नर हा धर्मगुरू बाधा झालेल्यांच्या अंगातील भुते काढत होता, आणि मेस्मर हा वैद्य तेच झटके भुताचे नाव न घेता आणून व थांबवून दाखवत होता. पुढे १७८४ मध्ये प्युइसेगूरला 'चुंबकीय निद्रे'त बोलणारा, आणि जागा झाल्यावर त्यातले काहीच न आठवणारा माणूस सापडला. ब्रेडने १८४३ साली त्याला संमोहनाचे शास्त्रीय नाव दिले. जेम्स एस्डेल याने १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे याच निद्रेत रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या, हे आपल्याकडच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात नसते. शार्को, आणि त्याच्यामागून १८८९ साली प्येर जाने, असे करीत ही धारा फ्रॉइडपर्यंत येते. येथे फरक मात्रेचा राहत नाही. एकाच देहात दुसरा कोणी बोलू लागतो.

फ्रॉइडने या दोन धारा एकत्र आणल्या एवढेच म्हणणे पुरेसे नाही. त्याने तिसरी गोष्ट आणली : पहारा. अज्ञात हे केवळ मंद नाही आणि केवळ तुटून वेगळे पडलेलेही नाही. ते अज्ञात राखले जाते, राखण्यासाठी श्रम खर्ची पडतात, आणि राखणाऱ्याला आपण ते राखतो आहोत याचा पत्ता नसतो. दमनाचा सिद्धांत हाच मनोविश्लेषणाच्या सगळ्या इमारतीचा आधार होय, असे त्याने १९१४ साली स्वतः नोंदवले. आणि पुढच्याच वर्षी दमन व अबोध यांवर स्वतंत्र निबंध लिहिले. दमन वगळून फ्रॉइड सांगणे म्हणजे वारी वगळून वारकरी संप्रदाय सांगणे होय.

या ठिकाणी विल्यम जेम्सचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण मराठी समीक्षेचा मोठा गोंधळ त्याच्या नावाशी निगडित आहे. 'संज्ञाप्रवाह' या संकल्पनेचा उगम जेम्सच्या १८९० च्या 'मानसशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथात आहे, हे सर्व जण सांगतात. मात्र त्याच ग्रंथात, विचारप्रवाहाच्या प्रकरणाच्या थोडे आधी, अबोध मानसिक अवस्थांच्या बाजूने दिले जाणारे दहा पुरावे एकामागून एक खोडून काढलेले आहेत, हे सांगणारे थोडे. अबोध ही कल्पना मानसशास्त्रात हवे ते खरे मानण्याची मोकळीक देते, असा त्याचा आक्षेप होता. पुढे धर्मानुभवावरील व्याख्यानांत (१९०२) मायर्सच्या प्रभावाने त्याने आपली भूमिका पुष्कळच सैल केली, हे खरे. तरी प्रवाहाची कल्पना ज्या वेळी जन्माला आली त्या वेळी ती अबोधाला पर्याय म्हणून आली होती. संज्ञाप्रवाह हा संज्ञेचा प्रवाह आहे. नेणिवेचा नव्हे.

३

आता आपल्या शब्दांकडे वळू. 'सुप्त' म्हणजे निजलेले. योगसूत्रांत क्लेशांच्या ज्या चार अवस्था सांगितल्या आहेत त्यांत 'प्रसुप्त' ही पहिली. निजलेली वस्तू योग्य निमित्त मिळताच जागी होते. तिला जागे होऊ न देणारा कोणी पहारेकरी या शब्दात नाही. म्हणून 'सुप्त मन' हा शब्द लायब्निझ-हर्बार्टच्या धारेला उत्तम शोभतो आणि फ्रॉइडला मुळीच शोभत नाही. शाळेच्या वार्षिक अहवालात मुलांच्या सुप्त गुणांना वाव मिळतो. दमित गुणांना वाव मिळाल्याचे कुठल्याही अहवालात वाचलेले नाही.

'अबोध' या शब्दाची अडचण निराळी. आपल्या कानाला 'अबोध बालक' आधी ऐकू येते. अबोध म्हणजे अजाण, निष्पाप. फ्रॉइडचे अबोध मन निष्पाप नाही, आणि त्याचे बालकही नाही. बंगालीत 'निर्ज्ञान' हा शब्द रुळला. त्याला बाळसे नाही, हा त्याचा फायदा. तेथे हा विचार केवळ पुस्तकी राहिला नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. गिरींद्रशेखर बसू यांनी १९२१ साली दमनावर ग्रंथ लिहून तो फ्रॉइडला पाठवला, १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, आणि दमनाचे कारण परस्परविरोधी इच्छांच्या जोडीत आहे असे सांगून फ्रॉइडशी वर्षानुवर्षे पत्रांतून मतभेद नोंदवला. मराठीत असा वाद घालणारा कोणी झाला असता तर आपली परिभाषा कदाचित एवढी आळशी राहिली नसती.

'नेणीव' हा शब्द सर्वांत सुंदर आणि म्हणूनच सर्वांत फसवा. तो आपला आहे, संतांचा आहे. हरिपाठात तो 'जाणीव' या शब्दाच्या जोडीने येतो. पण ज्या परंपरेने तो आपल्याला दिला तिचे अज्ञानाविषयीचे म्हणणे काय आहे? अमृतानुभवाचे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे, आणि त्या ग्रंथातील सर्वांत विस्तृत प्रकरण तेच. अज्ञान ही स्वतंत्र, स्वबळावर उभी असलेली वस्तू असूच शकत नाही, हे ज्ञानदेव तेथे नाना अंगांनी सिद्ध करतात. फ्रॉइडचा दावा याच्या नेमका उलट आहे. त्याचे अबोध मन ही उणीव नसून व्यवस्था आहे, तिचे स्वतःचे नियम आहेत, आणि ती रात्रंदिवस काम करते. 'नेणीव' म्हणताना आपण शब्द ज्ञानदेवांचा घेतो आणि अर्थ व्हिएन्नाचा भरतो. शब्दाला तो भार पेलत नाही, मग अर्थ गळून जातो आणि उरते ते एक गूढरम्य धुके. या धुक्याला आपल्याकडे कधीकधी 'खोली' असे म्हणतात.

येथे कोणी म्हणेल की, संस्कार, वासना, आलयविज्ञान या कल्पनांनी भारतीयांना हे सारे आधीच ठाऊक होते. या दाव्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु संस्कार हे साठवणीचे तत्त्व आहे. जन्मोजन्मीचे बीज कोठारात पडून राहते आणि काळ आला की उगवते. कोठाराला दार आहे, दारावर झटापट नाही. शिवाय या दर्शनांपैकी बहुतेकांनी कोठेतरी एक साक्षी मानलेला आहे, जो सर्व काही पाहतो. फ्रॉइडच्या मनात साक्षी नाही. त्या घरात कोणीही सगळ्या खोल्या पाहिलेल्या नाहीत.

आणि मग 'दमन'. मूळ जर्मन शब्दात बाजूला ढकलण्याचा, हुसकून लावण्याचा भाव आहे. आपण त्यासाठी जो शब्द घेतला तो शम-दम या साधकाच्या संपत्तीतला. दम हा सद्गुण आहे. काही जणांनी 'निरोधन' म्हटले. पण चित्तवृत्तींचा निरोध हे तर योगाचे ध्येयच. अशा रीतीने जी क्रिया करणाऱ्याच्या नकळत होते, तिला मराठीत अशी नावे मिळाली की ती जाणूनबुजून करायची, कौतुकास्पद गोष्ट वाटावी. 'त्याने आपल्या भावनांचे दमन केले' हे वाक्य मराठी वाचक आत्मसंयमाचे म्हणूनच वाचतो. विद्यार्थीही तसेच वाचतात. त्यांचा दोष नाही.

४

शब्दांनी असा दगा दिला तरी मराठी भाषा म्हणून या बाबतीत दरिद्री आहे, असे मला वाटत नाही. तिचे बळ नामांत नसून क्रियापदांत आहे. लिश्टेनबर्ग या अठराव्या शतकातील जर्मन लेखकाने एक टिपण करून ठेवले आहे : 'वीज चमकते' या अर्थाचे वाक्य जर्मनमध्ये जसे केवळ 'ते' या नपुंसकलिंगी सर्वनामाने बनते, तसेच विचाराविषयीही म्हणायला हवे, 'मी विचार करतो' हे म्हणणे जास्तीचे आहे. नीत्शेने १८८६ साली हाच मुद्दा पुढे नेला, ग्रोडेकने त्याचे पुस्तक केले, आणि १९२३ साली फ्रॉइडने मनाच्या त्या भागाला साधे 'ते' असे नाव दिले. इंग्रजी भाषांतरकारांनी त्या घरगुती सर्वनामाचे लॅटिन 'इड' केले. याविषयी ब्रूनो बेटेलहाइमने पुढे रास्त तक्रार केली. आपण इंग्रजीवरून उचलले आणि संस्कृतात 'इदम्' केले. 'इदम्' हे तर समोर, हाताशी असलेल्या वस्तूचे सर्वनाम! जे कधीच समोर येत नाही त्याला आपण 'हे इथे' असे नाव देऊन बसलो.

आणि हे करताना शेजारच्या घरात काय बोलले जाते, इकडे आपले लक्ष गेले नाही. आपल्या व्याकरणात ज्याला भावकर्तरी प्रयोग म्हणतात, त्याची उदाहरणे प्रत्येकाने शाळेत घोकलेली आहेत : गडगडते, उजाडले, मला मळमळते. गडगडणारे कोण, मळमळणारे कोण, याला उत्तर नाही. 'मला आठवते', 'मला राग आला', 'माझ्याने राहवेना', 'माझ्या हातून झाले', 'तोंडातून निघून गेले' : या सर्व रचनांत 'मी' कर्त्याच्या आसनावरून उठून बाजूला उभा राहिलेला आहे. आणि 'कळत-नकळत' हा जोडशब्द तर एकाच क्षणी जाणणे आणि न जाणणे दोन्ही घडते असे सांगतो. 'सुप्त मन' या शब्दापेक्षा तो फ्रॉइडच्या कितीतरी जवळ आहे.

पेणजवळच्या ज्या रामवाडीत मी राहते, तेथे नवरात्रात एक-दोन घरी बायकांच्या अंगात येते. 'अंगात आले' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. ते व्याकरणाच्या दृष्टीने ऐकले मात्र दोन-तीन वर्षांपूर्वी. 'आले' हे नपुंसकलिंगी. काय आले? 'वारे' असे उत्तर विचारले तर मिळते, एरवी कर्ता गाळलेलाच असतो. आमच्या आळीतल्या एक काकू त्या अवस्थेत थोरल्या जावेला भर मंडळींत चार शब्द सुनावतात, आणि सकाळी त्याच जावेला 'काल काय बोलणं झालं गं?' असे विचारतात. 'मी काय बोलले' असे नाही. आणि जाऊबाईही 'तू बोललीस' असे म्हणत नाहीत. हे ढोंग आहे की रोग, हा प्रश्न नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या आधारे लोकांपुढे मांडला, आणि ते आवश्यकच होते. अंगात येण्याच्या नावाखाली होणारी लूट आणि छळ थांबवण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. येथे माझा प्रश्न त्याहून लहान आहे. ती वाक्यरचना कोणत्या सिद्धांताची आहे? ती जानेची आहे, फ्रॉइडची नाही. बोलणारे वेगळे पडले आहे, पण लपलेले नाही. ते सर्वांदेखत, आरतीनंतर, ठरल्या वेळी बोलते. येथे न ऐकणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे ज्यांच्या तोंडून ते बोलले गेले त्या काकू. एलेनबर्गरच्या इतिहासाचे पहिले पान आमच्या आळीत अजून उलटलेले नाही, असे मी वर्गात म्हणते तेव्हा विद्यार्थी हसतात. पण त्यानंतर आपापल्या गावची उदाहरणे सांगू लागतात.

मला यातून समीक्षेसाठी एक साधी कसोटी घ्यावीशी वाटते. अबोध मन कृतीत 'चित्रित' होत नसते. ज्याचे चित्र काढता येते ते ज्ञात झालेले असते. अबोध दिसते ते वाक्यातील 'मी' आणि क्रियापद यांच्यामधल्या फटीत. निवेदक जे सांगतो आणि त्याच्या सांगण्यातून वाचकाला जे कळते, त्यांच्यातील अंतरात.

५

या कसोटीने पाहिले तर मराठी वाङ्मयेतिहासाची नेहमीची मांडणी बरीच हलते. मानसशास्त्रीय कादंबरीचा आरंभ म्हणून आपण मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीकडे बोट दाखवतो. तिचे प्रयोग म्हणून असलेले ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. पण तिला नेणिवेची कादंबरी म्हणणे कितपत योग्य? शीर्षकच पाहावे. 'रात्रीचा दिवस करणे' हा वाक्प्रचार कष्टाचा. मर्ढेकरांनी तो अक्षरशः घेतला, असे मला वाटते. जे रात्रीच्या अंधारात होते त्यावर दिवसाचा उजेड टाकायचा, मनात येणारे सारे कागदावर उतरवायचे, ही त्या तंत्राची प्रतिज्ञा. जेम्सची कल्पना येथे प्रामाणिकपणे राबवली गेली आहे : साहचर्ये, तुटक आठवणी, एका शब्दातून निघणारा दुसरा शब्द. हे सर्व संज्ञेचेच व्यापार आहेत. जे पानावर येते ते मनात आलेले असते. जे मनात येऊ शकत नाही त्याची खूण या तंत्रात कशी उमटणार, हा प्रश्न मर्ढेकरांनी स्वतःपुढे ठेवलेला दिसत नाही. संज्ञाप्रवाहाच्या तंत्रात तो अशक्य आहे असे नव्हे. परंतु आपल्या समीक्षेने तंत्र दिसताच तत्त्व गृहीत धरले.

उलट दिवाकरांच्या नाट्यछटांकडे आपण सामाजिक उपरोध म्हणून पाहत आलो. १९११ पासून पुण्यात एक शिक्षक हे छोटे छोटे एकमुखी संवाद लिहू लागतो, तेव्हा फ्रॉइडचा स्वप्नावरील ग्रंथ इंग्रजीतही आलेला नव्हता. ते भाषांतर १९१३ चे. दिवाकरांना प्रेरणा मिळाली ती ब्राउनिंगकडून. 'पंत मेले – राव चढले' या शीर्षकातच एका मृत्यूच्या बातमीत दुसऱ्याच्या बढतीचा हिशेब शिरलेला आहे. दिवाकरांचे सर्वच वक्ते ढोंगी असतात असे मात्र नाही. ढोंग्याला आपले ढोंग ठाऊक असते. त्यांच्यातील उत्तम नाट्यछटांतले वक्ते स्वतःला सज्जन समजूनच बोलत असतात, आणि बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून ते निघून जाते जे वाचक ऐकतो आणि ते ऐकत नाहीत. मराठी गद्यात कळत-नकळतचे हे अंतर एवढ्या काटकसरीने त्याआधी कोणी योजल्याचे मला आठवत नाही.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि १९३९ साली विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. मधल्या काळात, १९३८ मध्ये, या दोन लेखकांचा विवाह झाला होता. चरित्रातून कृतीकडे जाण्याची घाई मला करायची नाही. पण ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे.

'कळ्यांचे निःश्वास' मधील शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित राहिलेल्या किंवा राहावे लागलेल्या तरुणी स्वतःच्या मनाविषयी पूर्ण जाणत्या आहेत. आपल्याला काय हवे आहे, ते का मिळत नाही, ते न मिळण्यात कोणाचा फायदा आहे, हे त्यांना कळते. त्यांना जे नाही ते बोलण्याची जागा. निःश्वास हा नकळत सुटत असेल, पण त्याचे कारण नकळत नसते. पुस्तक बाहेर येताच खळबळ माजली, टोपणनावामागे कोण आहे याचा शोध सुरू झाला. त्या गदारोळाचा रोख हाच होता की, हे या बायकांना कळते कसे. त्यानंतरची समीक्षा अधिक सभ्य झाली. तिने सहानुभूतीने 'सुप्त कामभावना', 'अतृप्त नेणीव' असे शब्द वापरले. मीही वापरले आहेत. पण या सभ्य शब्दांनी काय केले ते पाहावे : ज्या स्त्रियांची अडचण त्या जाणतात ही होती, त्यांना आम्ही नेणत्या करून टाकले. समाजाने तोंडावर ठेवलेला हात आम्ही उचलला आणि त्यांच्या मनात नेऊन ठेवला. बाहेरच्या सक्तीला आतल्या दमनाचे नाव दिले की सक्ती करणारे मोकळे होतात. परिभाषेच्या शैथिल्याची ही किंमत आहे, आणि ती समीक्षकाने मोजलेली नाही.

'रणांगण' मध्ये नेमके उलटे घडते. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवरील परागंदा ज्यू, चक्रधर विध्वंस हा निवेदक आणि हेर्टा. चक्रधर बोलका आहे, बुद्धिमान आहे, युद्धाविषयी आणि माणुसकीविषयी त्याचे विचार उदार आहेत. उमाच्या प्रकरणात आपण पोळलो आणि म्हणून स्त्रीजातीविषयी कठोर झालो, हे तो स्वतःच सांगतो. येथेच बहुतेक समीक्षा थांबते : कारण सापडले, मानसशास्त्रीय उलगडा झाला. पण पात्र आपल्या वर्तनाचे कारण इतक्या तयारीने हातात ठेवते, तेव्हा वाचकाने सावध व्हायला हवे. उमाची कथा हे उत्तर नसून आडोसा आहे. तिच्यामुळे चक्रधरला हेर्टाच्या प्रेमाकडे जुन्या हिशेबाची वजाबाकी म्हणून पाहता येते, आणि त्या प्रेमाने आपल्याकडे प्रत्यक्षात काय मागितले हे पाहावे लागत नाही. मुंबईला तो उतरतो. ती पुढे जाते. कारणे आहेत, परिस्थितीची आहेत, आणि ती खोटी नाहीत. तरीही हेर्टाच्या शेवटाची वार्ता वाचताना आपल्याला जे भयंकर वाटते ते केवळ तिच्या मरणामुळे नव्हे. सगळे निवेदन त्या क्षणी मागे फिरून वेगळे दिसू लागते म्हणून. एवढे सांगणाऱ्या या माणसाने काय सांगितले नव्हते, हे कळते. त्याने लपवले असे म्हणता येत नाही. त्याच्यापासूनच ते राखले गेले होते. तंत्राच्या दृष्टीने 'रणांगण' सरळ आहे, त्यात संज्ञाप्रवाह नाही, स्वप्ने उलगडलेली नाहीत. मराठीत दमनाचे कार्य समजावून द्यायचे असेल तर मी आता वर्गात हीच कादंबरी घेते.

तुलनेसाठी खांडेकरांची 'ययाति' (१९५९) पाहता येईल. वासना हा तिचा विषयच आहे, तीन निवेदक आहेत, आणि तिघेही आपापले अंतःकरण उघडून दाखवतात. इतके उघडतात की फट म्हणून राहत नाही. ययातीला आपण वासनेच्या आहारी का गेलो ते वाचकाइतकेच, किंबहुना वाचकापेक्षा जास्त, कळलेले आहे. ही कबुलीजबाबाची कादंबरी आहे. तिला मनोविश्लेषणात्मक म्हणण्याचा प्रघात पडला तो विषय आणि दृष्टी यांत फरक न केल्यामुळे.

वरील विवेचनात जी. ए. कुलकर्णी यांचा उल्लेख नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. त्यांच्या कथांसंबंधी आपण युंगच्या वाटेने जातो, आदिबंध हा शब्द वापरतो, आणि तेथे दमनाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने उभा राहतो : राखलेले रहस्य व्यक्तीचे नसेल तर पहारा कोणाचा? 'काजळमाया' मधील कथांच्या आधारे त्याचा स्वतंत्रपणे विचार करावा लागेल.